पालाशाची कुळकथा

शेतकरी दुकानात ज्याला ‘पोटॅश’ म्हणून मागतो, आणि कृषिखात्याच्या पत्रकांत नत्र व स्फुरद या भावंडांच्या पंक्तीला बसताना जे ‘पालाश’ असे सोवळे नाव धारण करते, त्या अन्नद्रव्याचा मूळ पुरुष शोधू गेल्यास तो खाणीत नव्हे, चुलीत सापडतो. युरोपात लाकडाची राख पाण्यात भिजवीत, वरची निवळ गाळून लोखंडी भांड्यात आटवीत, आणि तळाशी जो क्षार उरे त्याला भांड्यातली राख या अर्थी ‘पोटॅश’ म्हणत. साबण व काच करणाऱ्यांची त्याला मोठी मागणी असे. अमेरिकेने १७९० साली जे पहिले पेटंट दिले, ज्यावर खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे, ते सॅम्युएल हॉपकिन्स यांच्या याच क्षाराच्या कृतीचे होते. मराठी परिभाषेत परक्या नावाचा नाद तर राहिलाच, शिवाय आपला पळसही त्यात येऊन बसला. वैद्यांच्या संग्रही पलाशक्षार पूर्वापार होताच, तेव्हा हे बारसे योगायोगाचे असो वा हेतुपुरस्सर, मला ते मोठे चतुर वाटते. कोकणातला कुणबी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो तेव्हा, नाव ठाऊक असो नसो, पालाशच वाफ्यात पसरीत असतो.

हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने या क्षारातला मऊ, चंदेरी धातू, म्हणजेच पोटॅशियम, वेगळा काढला. त्याची खूण असलेले ‘के’ हे अक्षरही वनस्पतींच्या राखेला अरबीत जो ‘कली’ शब्द आहे त्याच्याच वंशातले. पुढे जंगले सुटली आणि खाणी आल्या. जर्मनीत श्टासफुर्टच्या खाणीत सैंधवावर बसलेले कडू क्षार टाकाऊ म्हणून नुसते उपसून टाकले जात. परंतु वनस्पती जमिनीतून खनिज द्रव्ये घेतात हे रसायनज्ञ लीबिख यांनी १८४० च्या ग्रंथात आग्रहाने मांडल्यानंतर त्या कचऱ्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली, आणि आडोल्फ फ्रांक यांनी १८६१ साली तेथे पालाशाचा कारखाना घातला.

राखेचे दफ्तर मात्र बंद झाले नाही. त्या काळचे रसायनज्ञ वनस्पती जाळून राखेतील द्रव्यांची तोलणी ऑक्साइडांच्या रूपाने करीत, आणि तीच वहिवाट पोत्यावर अद्याप चालू आहे. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यात प्राणवायूचा कणही नसतो. तरी त्यावरचे ६० टक्के हे पोटॅशियमच्या ऑक्साइडाचे, म्हणजे ५० किलोंच्या पोत्यात छापील हिशेबाने ३० किलो पालाश, पण निव्वळ पोटॅशियम सुमारे २५ किलो. यात लबाडी नाही, कारण हेक्टरी मात्रेच्या शिफारशीही याच राखेच्या मापाने लिहिलेल्या असतात. स्फुरदाचीही तीच तऱ्हा. नत्र तेवढे धुरावाटे निघून जाते, राखेत उरत नाही. त्याचा आकडा निखळ मूलद्रव्याचा.