‘मुलंच आहेत’ एवढं म्हणून भागत नाही

पळसदरीहून कर्जतला गाडी बदलली की बदलापूर. तिथल्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणात २०२४ साली, पोलिसांना न कळवल्याबद्दल संस्थाचालकांवरही गुन्हा नोंदला गेला. तिथे आरोपी कर्मचारी होता. पण त्रास देणारा वर्गातलाच मुलगा असेल तर?

थोडं मागे जाऊया. १९९७च्या विशाखा निकालाचा भर कामाच्या ठिकाणावर होता. २०१२चा पॉक्सो कायदा शाळेपर्यंत पोचला. लैंगिक हेतूने केलेली शेरेबाजी, पाठलागही त्यात गुन्हा आहे. कलम १९ सांगतं: माहिती मिळाली की पोलिसांना कळवा. खरं-खोटं ठरवणं शाळेचं काम नाही; मुलीचं नीट ऐकणं आहे. आरोपी अल्पवयीन असेल तर पुढचं बाल न्याय मंडळ बघतं.

आणि तुम्ही? शाळेत मुलाखती घेणार असाल, तर ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. हे कलम संशोधकालाही लागू आहे.