डे मेझांची माघार
५ फेब्रुवारी १८६४च्या रात्री प्रशिया-ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात डॅनिश जनरल क्रिस्तियान डे मेझा यांनी डॅनेव्हिर्कची तटबंदी सोडली. कोपनहेगनमध्ये संताप उसळला आणि त्यांचे सेनापतिपद गेले. लोकांच्या लेखी ती हजार वर्षांची वेस होती. पण कडाक्याच्या थंडीत श्लाय खाडी आणि दलदली गोठल्या, म्हणजे दोन्ही बगला उघड्याच पडल्या. न लढता हटले हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. जड तोफाही मागेच राहिल्या. मात्र युद्धमंडळात माघारीला विरोध एकाच अधिकाऱ्याचा होता, आणि दुसऱ्याच दिवशी प्रशियन अर्निसला श्लाय ओलांडून आले. वाऱ्याच्या झुळुकीलाही धास्तावणारा हा बहात्तरीचा विक्षिप्त संगीतप्रेमी भित्रा म्हणावा, तर १८५०मध्ये इस्टेडच्या लढाईत जनरल श्लेपेग्रेल पडल्यावर त्यांची डिव्हिजन यानेच सांभाळली होती.