‘जाते’ : शब्दाची व्युत्पत्ती आणि अर्थसंकोच

मराठी लोकजीवनाच्या अभ्यासात जात्याचा विचार बहुधा ओवीच्या अनुषंगाने होतो. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या लाखाहून अधिक ओव्यांनी या अभ्यासाला भक्कम आधार दिला आहे. ज्या वस्तूभोवती हे काव्य निर्माण झाले, तिच्या नावाचा इतिहासही तितकाच बोलका आहे.

‘जाते’ या नामाचा ‘जाणे’ या क्रियापदाशी संबंध नाही. ‘गरगर फिरत जाते ते जाते’ अशा तऱ्हेची उपपत्ती केवळ रूपसाम्यावर उभी राहते. संस्कृत ‘यन्त्र’, प्राकृत ‘जंत’ आणि त्यावरून मराठी ‘जांतें, जातें’ असा या शब्दाचा प्रवास आहे. आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होणे मराठीत सर्वपरिचित आहे. यात्रा–जत्रा, युग–जू, यज्ञोपवीत–जानवे ही त्याची उदाहरणे होत. ‘न्त्र’ या जोडाक्षराचे काय होते, हे ‘अन्त्र’ या शब्दावरून समजते. त्यापासून हिंदीत ‘आँत’ झाले आणि मराठीत ‘आतडे’. हिंदीच्या पूर्वेकडील बोलींत ‘जाँता’ हा शब्द अनुनासिकासह टिकून आहे व दळताना म्हणावयाच्या गीतांना भोजपुरीत ‘जँतसार’ म्हणतात. मराठीने ते अनुनासिक गमावले आणि त्यामुळेच क्रियापदाशी घोटाळा होण्यास वाव मिळाला.

‘यन्त्र’ शब्दाच्या मुळाशी ‘यम्’ म्हणजे आवरणे, नियमन करणे हा धातू आहे. वैदिक भाषेत आवरून धरणारे साधन, बंधन असा त्याचा अर्थ होता. पुढे तो कोणत्याही युक्तीच्या साधनाला लागू झाला. कौटिलीय अर्थशास्त्रात युद्धोपयोगी यंत्रांची स्थिर आणि चल अशी विभागणी आहे. उसाचा चरक आणि तेलाचा घाणा यांनाही यंत्रच म्हटले जाई. जात्याच्या मधली खीळ वरच्या तळीला आवरून धरते, म्हणून त्यास यंत्र म्हटले, असे सुचवण्याचा मोह होतो. परंतु तोपर्यंत शब्दाचा अर्थ इतका व्यापक झाला होता की, मूळ धातूपर्यंत मागे जाण्याचे कारण उरत नाही. ‘मृग’ हा शब्द जसा पशुमात्रावरून हरणापुरता उरला, तसाच हा अर्थसंकोच आहे. घरोघरी रोज हाताळले जाणारे यंत्र हेच होते.

या नावामागे तंत्रातील एक बदलही असावा. वैदिक यज्ञविधीत ‘दृषद्’ आणि ‘उपल’ या दगडांच्या जोडीने धान्य वाटले जाई; इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीतही दगडावर दगड मागेपुढे घासण्याचीच पद्धत दिसते. नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननात मात्र ऐतिहासिक काळाच्या थरांत फिरते जाते आढळले. खालची तळी स्थिर, वरची फिरती, मध्ये खीळ, कडेला खुंटा आणि मुखातून पडणारी वैरण, अशा रचनेला ‘दगड’ म्हणण्यापेक्षा ‘यंत्र’ म्हणणे अधिक समर्पक ठरते. पाट्याने आपले सपाटपण नावात जपले. जाते आपली रचना सांगते.

मात्र केवळ शब्दावरून वस्तूचा काळ ठरविणे धोक्याचे आहे. कन्नडमध्ये फिरत्या जात्यालाही ‘बीसुकल्लु’ म्हणतात आणि त्यातील ‘कल्लु’ म्हणजे दगडच. तमिळ ‘तिरिगै’ आणि तेलुगू ‘तिरगलि’ यांनी फिरण्याची क्रिया पकडली, हिंदी ‘चक्की’ने चक्राचा आकार. गुजराती ‘घंटी’ व हिमालयातील पाणचक्कीला म्हणतात तो ‘घराट’ हे शब्द संस्कृत ‘घरट्ट’कडे जातात. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या भिन्न दृष्टी होत. त्यांपैकी साधनातील कल्पकतेवर बोट ठेवले ते मराठीने आणि पूर्वेकडील बोलींनी.

‘दळणे’ हे क्रियापदही येथे लक्षात घ्यावे. ‘दल्’ म्हणजे फुटणे, दुभंगणे. ‘डाळ’ हा शब्द त्याच कुळातला. पीठ करणे आणि कडधान्य भरडून त्याची डाळ करणे ही दोन्ही कामे जात्यावरच होत.

आधुनिक काळात ‘यंत्र’ हा तत्सम शब्द युरोपीय पद्धतीच्या साधनांसाठी नव्याने रूढ झाला. त्यानंतर एकाच शब्दाची दोन रूपे परस्परविरोधी अर्थांनी नांदू लागली : यंत्र म्हणजे आधुनिक, कारखान्यातले, प्रायः पुरुषाच्या हातातले, जाते म्हणजे जुने, स्वयंपाकघरातले, बाईच्या हातातले. जात्यावरील श्रमाची गणना यंत्र चालविण्यात होत नाही, ती घरकामात होते. ‘यंत्रयुग’ कारखान्यांबरोबर सुरू झाले असे शिकविले जाते, तेव्हा पहाटे खुंटा धरून बसणारी स्त्री त्या युगाच्या बाहेर राहते. वास्तविक तिच्या हाताखालील वस्तूला तेच नाव शतकानुशतके होते. पुढे पिठाच्या गिरणीने दळण घराबाहेर नेले. तिथेही दोन वर्तुळाकार दगडांमध्येच धान्य भरडले जाते, त्या दगडांना टाकीही लावावी लागते. परंतु गिरणीला कोणी जाते म्हणत नाही.