जखमी व व्यंग यांच्या वृत्तींवरील कर : स्मृति, सनदा व वऱ्हाड

जुन्या सनदा व इनामपत्रें यांचा संग्रह करणारे बहुतेक गृहस्थ कागद हातीं येतांच प्रथम तीन गोष्टी पाहतात : शिक्का कोणाचा, मिति कोणती आणि देणगी किती. या तिन्ही गोष्टी अवश्य पाहाव्या. परंतु चौथी एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. ती म्हणजे, दिलेल्या देणगीतून सरकारनें पुन्हां कांहीं घ्यावयाचें ठेवलें आहे किंवा कसें. साधारण इनामाच्या बाबतींत हा हिशेबाचा प्रश्न होय. परंतु ज्याचा हात किंवा पाय स्वामिकार्यांत गेला, अथवा जो जन्मतःच अंध किंवा पंगु आहे, त्याच्या वृत्तीच्या बाबतींत हाच प्रश्न न्यायाचा होतो. अशा वृत्तीवर कर बसवितां येतो काय, आणि येत नसल्यास सूट कशाला, मनुष्याला कीं द्रव्याला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१. स्मृतींचा पक्ष.—मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत (श्लोक ३९४) राजानें कोणाकडून कर घेऊं नये याची एक लहान यादी आहे. अंध, जड, पीठसर्पी, सत्तर वर्षांचा वृद्ध आणि श्रोत्रियांवर उपकार करणारा, असे पांच जण तींत आहेत. पीठसर्पी म्हणजे ज्याचे पाय गेल्यामुळें जो पाटावर बसून सरकत चालतो तो. आपस्तंब धर्मसूत्राच्या दुसऱ्या प्रश्नांतील यादी याहून विस्तृत असून तींत अंध, मूक, बधिर व रोगग्रस्त हे चारही येतात. ब्यूलर याने आपल्या इंग्रजी भाषांतरांत या ठिकाणीं, तें व्यंग असेल तोंपर्यंतच ही सूट, असा अर्थ कंसांत घातला आहे.

येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, दोन्ही ग्रंथांत सूट आहे ती मनुष्याला आहे. त्याचें द्रव्य कोठून आलें, राजाकडून कीं स्वतःच्या कष्टांतून, हें विचारलेलें नाहीं. तथापि याच स्मृतीची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. नवव्या अध्यायांत जन्मांध, बधिर, मूक इत्यादिकांस पित्याच्या धनांत अंश नाहीं असें सांगून त्यांस केवळ अन्नवस्त्राचा अधिकार ठेविला आहे, व याज्ञवल्क्याचेंहि मत तसेंच आहे. म्हणजे ज्यास कर माफ, त्यास दायभागहि नाहीं. ही निरंशता जन्मतः वेडा किंवा जड असलेल्यांचा अपवाद ठेवून १९२८ च्या कायद्यानें दूर झाली. स्मृतींची करमाफी ही निव्वळ दया होती असें म्हणणारांनीं, आणि ती कांहींच नव्हती असें म्हणणारांनींहि, हीं दोन्ही वचनें एकत्र ठेवून वाचावीं.

२. भृत्यभरण.—कौटिलीय अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणांत भृत्यभरणाचा विचार आहे. कामावर असतां जे मरण पावले त्यांच्या बायकामुलांस अन्न व वेतन मिळावें, असा त्यांत नियम आहे. येथें दृष्टि बदलते. अंध म्हणून नव्हे, तर राजकार्यांत हानि झाली म्हणून देणें, असें याचें स्वरूप आहे. यास दान म्हणण्यापेक्षां ऋणफेड म्हणणें अधिक योग्य.

मराठ्यांच्या इतिहासांत याचा सर्वांत स्पष्ट दाखला कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरींत आहे. अफजलखानाच्या प्रसंगानंतर (इ. स. १६५९) शिवाजीमहाराजांनीं जी व्यवस्था केली ती सभासदानें अशी सांगितली आहे : लढाईंत पडलेल्यांच्या मुलांचें चालविलें, ज्यांस पुत्र नाहीं त्यांच्या बायकांस निमें वेतन दिलें, आणि जखमींस दोनशें, शंभर, पन्नास, पंचवीस होन याप्रमाणें, जखम पाहून, रकमा दिल्या. यांतील ‘जखम पाहून’ हें तत्त्व फार महत्त्वाचें आहे. पदवी पाहून नव्हे, कूळ पाहून नव्हे, तर देहाची हानि किती झाली तें पाहून रक्कम ठरली. आज वैद्यकीय मंडळ व्यंगाचे शेंकडा चाळीस किंवा ऐशीं असें प्रमाण लिहून देतें, त्याचें बीज या चार आंकड्यांत आहे. शिवाय ही रक्कम रोकड होती. आजच्या अर्थाचा प्राप्तिकर तेव्हां नसल्यामुळें जखमीच्या हातीं पडलेल्या होनांवर पुन्हां कर, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

३. सनदांचा पक्ष.—प्रश्न उद्भवला तो रोकडीच्या जागीं जमीन आल्यावर. पेशवाईंत लढाईंत कामास आलेल्यांच्या मुलांस बालपरवेशी देण्याची पद्धति सर्वश्रुत आहे. ही वृत्ति कधीं नक्त नेमणुकीनें, तर कधीं जमीन लावून देऊन चाले. जमीन म्हटली कीं तिजवर सारा आला, पट्ट्या आल्या, आणि माफीचा प्रश्नहि आला.

या माफीचें कलम सनदांत एका ठराविक शब्दमालिकेनें येतें. ‘कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी’ हे शब्द आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहेत. इतके परिचयाचे, कीं नक्कल करतांना पुष्कळ जण ते ‘इत्यादि’ म्हणून गाळतात. आमच्या मतें सनदेचें मर्म येथेंच आहे. हल्लीपट्टी म्हणजे आज चालू असलेल्या पट्ट्या. पेस्तरपट्टी म्हणजे पुढें कधीं बसतील त्या. देणारा केवळ आजचा कर सोडीत नाहीं. उद्यां आपल्याच वंशजास किंवा कारभाऱ्यास सुचणारा करहि आजच सोडून ठेवतो. ज्या कागदांत हे दोन्ही शब्द आहेत तो, आणि ज्यांत पहिलाच आहे तो, या दोहोंचें मोल एक नव्हे.

यांत अतिशयोक्ति नाहीं याचा पुरावा कोशांतच आहे. मोल्सवर्थच्या कोशांत इनामपट्टी व इनामतिजाई हे शब्द आहेत. पहिला इनाम जमिनीवरील पट्टीचा, दुसरा अशा जमिनीच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वसुलीचा. जुडी, म्हणजे इनामावरील हलका सारा, हा शब्द तर गांवोगांव रूढ होता. जें माफ म्हणून दिलें त्यावरहि कर बसत असे, म्हणूनच हे शब्द भाषेंत आले. पुढें इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यांत १८५२ च्या कायद्यानें इनामांची चौकशी झाली, आणि १८६३ च्या कायद्यांनीं बहुतेक इनामें आकाराच्या कांहीं अंशाइतकी रक्कम घेऊन कायम केलीं. पेस्तरपट्टी सोडणारे गेले, पण पट्टी आली. सनदेंतील शब्द असा हरला, तरी तो ज्यांच्या कागदांत होता त्यांना निदान वाद घालण्यास आधार होता. ज्यांच्यांत नव्हता त्यांना तोहि नव्हता.

४. वऱ्हाडाची गोष्ट.—वऱ्हाडांत हा विषय आणखी गुंतागुंतीचा आहे. एक तर येथें निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल १८०३ च्या देवगांवच्या तहापर्यंत चालला. सनदांत ‘स्वराज्य व मोगलाई दुतर्फा’ असे शब्द येतात ते याच कारणानें. एका अमलानें वसूल सोडला म्हणजे दुसऱ्यानेंहि सोडला असें होत नसे. दुतर्फा हा शब्द नसेल तर माफी अर्धीच समजावी.

दुसरें असें, कीं या प्रांताचा वसूलच वृत्तींसाठीं लावून दिलेला होता. आमच्या बडनेऱ्यापुरतें बोलावयाचें तर, हें गांव एका राजकन्येच्या आंदणांत होतें म्हणून यास बडनेरा बीबी म्हणत, अशी आख्यायिका गॅझेटियरकारांनीं नमूद केली आहे. तो काळ गेला. पुढें २१ मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड कंपनी सरकारच्या स्वाधीन झालें, तें हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठीं. याच तहांत या मुलुखाच्या वसुलांतून आणखी कांहीं देणीं द्यावयाचीं ठरलीं : आप्पा देसायांची चौथाई, महिपतरामाच्या कुटुंबाचे भत्ते, आणि कांहीं मराठे पेन्शनदारांच्या नेमणुका. हा सर्व खर्च भागून उरेल तें निजामास द्यावयाचें. म्हणजे बडनेरें, अमरावती, अकोला येथील कापसाच्या काळ्या जमिनीचा सारा हा, तहाच्या शब्दांप्रमाणें, शिपायांचा पगार व पेन्शनदारांची वृत्ति होता. अशा वृत्तीवर जर त्याच खजिन्यानें कर घेतला, तर पैसा एका कप्प्यांतून दुसऱ्या कप्प्यांत गेला, एवढेंच होईल. तोटा मात्र ज्याचा हात गेला त्याचा. १९०२ सालीं वऱ्हाड दरसाल पंचवीस लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे राहिलें, आणि कंटिंजंट फौज हिंदुस्थानी लष्करांत मिळाली. परंतु वसूल व वृत्ति यांचें हें नातें वऱ्हाडच्या इतिहासाभ्यासकानें विसरूं नये.

५. अर्वाचीन कायदे.—१८७१ च्या पेन्शनांच्या कायद्यानें, पूर्वसेवेबद्दल अथवा विद्यमान व्यंगाबद्दल सरकारनें दिलेली वृत्ति सावकाराच्या दाव्यांत जप्त होऊं नये, असें ठरविलें. व्यंगाचा असा नांवानिशीं उल्लेख महत्त्वाचा आहे. पण हें संरक्षण सावकारापासून होतें. खुद्द सरकारापासून संरक्षण निराळेंच मिळवावें लागलें. तें १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याखालीं, त्याच वर्षींच्या २१ मार्चच्या जाहीरनाम्यानें मिळालें. सेवेमुळें आलेल्या किंवा सेवेनें वाढलेल्या शारीरिक व्यंगामुळें सैन्यांतून कमी केलेल्यांच्या पेन्शनीस त्याने कर माफ केला. जुन्या भाषेंत बोलावयाचें तर ही हल्लीपट्टीची माफी होय. १९६१ चा कायदा आला तेव्हां जुने जाहीरनामे चालू ठेवण्याचें कलम त्यांत घातलें गेलें, म्हणून तिला पेस्तरपट्टीचेंहि बळ आलें.

२ जुलै २००१ रोजीं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानें असा खुलासा केला कीं, अपंगत्व निवृत्तिवेतनाचे सेवेबद्दलचा अंश व व्यंगाबद्दलचा अंश हे दोन्ही भाग करमुक्त आहेत. पुढें २४ जून २०१९ च्या परिपत्रकानें याच माफीस मर्यादा घातली : व्यंगामुळें ज्यास सेवेंतून कमी केलें त्यालाच ती मिळेल, व्यंग असूनहि जो पूर्ण मुदत भरून निवृत्त झाला त्यास नाहीं. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें जैसे थे ठेवण्याचा आदेश दिला. या वादाचें तत्त्व आमच्या वाचकांस सहज कळेल. सभासदानें सांगितलेली रीत ‘जखम पाहून’ अशी होती. २०१९ चें परिपत्रक, जखमी मनुष्य सेवेच्या कोणत्या दारानें बाहेर पडला, तें पाहतें. तुटलेला पाय दोघांचा सारखाच. ज्याने त्या पायानिशीं आणखी दहा वर्षें चाकरी केली, त्याची जखम त्या चाकरीमुळें लहान होते असें आम्हांस वाटत नाहीं.

द्रव्यावरील माफीप्रमाणें मनुष्यावरील माफीहि आजच्या कायद्यांत आहे, आणि तिचें साम्य मनूच्या यादीशीं आश्चर्यकारक आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या व्यवसायकर कायद्यांत अंधत्वासह कायमचें शारीरिक व्यंग असलेल्यांस, तसेंच पासष्ट वर्षें पुरीं झालेल्यांस कर नाहीं. मनूच्या यादींतला अंध आणि वृद्ध येथें पुन्हां शेजारीं बसले आहेत, वयांत मात्र पांच वर्षांची सवलत झाली. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ८०-यू कलमानें व्यंग असलेल्या मनुष्यास, खर्च दाखविण्याची अट न घालतां, उत्पन्नांतून वजावट दिली. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती ७५,००० रुपये, आणि व्यंग शेंकडा ऐशींहून कमी नसल्यास १,२५,००० रुपये झाली. परंतु २०२० सालीं जी कमी दराची पर्यायी पद्धति आली, ती पत्करणारास ही वजावट मिळत नाहीं. तेथें दर सर्वांस सारखा. अंधास आणि डोळसास एकच.

६. निष्कर्ष.—वरील सर्व पुराव्यावरून आमचें मत असें झालें आहे. व्यंगासंबंधीं करमाफीचे दोन प्रवाह आपल्याकडे फार प्राचीन काळापासून वाहत आले. एक स्मृतींचा, तो मनुष्य पाहतो. दुसरा भृत्यभरणाचा, तो हानि पाहतो. पहिला दया आहे, दुसरा ऋण आहे. दयेस मर्यादा घालण्याचा अधिकार देणाऱ्यास असेल. ऋणाच्या फेडींतून मात्र देणेकऱ्यानें पुन्हां हिस्सा कापून घेऊं नये. आणि दोन्ही प्रवाह जेथें आटले, तेथें बहुधा राजा निर्दय होता म्हणून नव्हे, तर लिहिणाऱ्यानें एक शब्द गाळला म्हणून आटले.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. वऱ्हाडांतील जुन्या वाड्यांत, देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांत, बालपरवेशीचे व जखमीच्या नेमणुकीचे कागद आजहि सांपडण्यासारखे आहेत. ते सांपडल्यास केवळ रक्कम उतरून घेऊन थांबूं नये. दुतर्फा हा शब्द आहे किंवा नाहीं, पेस्तरपट्टी आहे किंवा नाहीं, जुडी किती, व पुढील सालांच्या ताळेबंदांत ती वाढली काय, एवढें अक्षरशः उतरून ठेवावें. कुटुंबांत जर अलीकडच्या लढायांतील जखमी शिपायांचे पेन्शनीचे हुकूम असतील, तर तेहि त्याच काळजीनें जपावे. शंभर वर्षांनीं तेहि सनदाच होणार आहेत. आणि त्यांतील कोणता शब्द कोणाच्या नातवाच्या उपयोगी पडेल हें आज सांगतां येत नाहीं.