ब्रेक द्रवाची गळती

मोटारगाडीच्या द्रवचालित ब्रेक यंत्रणेतील द्रव सांधे, नळ्या किंवा रबरी सील यांतून बाहेर झिरपणे म्हणजे ब्रेक द्रवाची गळती होय. गॅरेजमध्ये या द्रवाला सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतात. मात्र बहुतेक गाड्यांतील हा द्रव खनिज तेल नसून ग्लायकॉल वर्गातील रसायनांपासून बनवलेला असतो. कॅलिपर, व्हील सिलिंडर, रबरी होज किंवा मास्टर सिलिंडर बदलल्यानंतर सुरू झालेली गळती बहुधा काम करताना उघडलेल्या सांध्यातच असते. त्यामुळे तपासाची सुरुवात तेथून करतात.

कार्यतत्त्व

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर ही यंत्रणा चालते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रवावर दाब देतो. हा दाब डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरच्या आणि ड्रम ब्रेकमध्ये व्हील सिलिंडरच्या दट्ट्यांना बाहेर ढकलतो. आधुनिक मोटारींमध्ये यंत्रणेचे दोन स्वतंत्र भाग असतात. एक भाग निकामी झाला तरी दुसरा काही प्रमाणात गाडी थांबवू शकतो. मात्र त्या वेळी पेडल खोल जाते आणि थांबण्याचे अंतर बरेच वाढते.

भाग बदलताना होणारी गळतीची कारणे

बँजो बोल्ट : कॅलिपरला होज जोडणाऱ्या या पोकळ बोल्टवर होजच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर असतो. तांब्याचा वॉशर आवळताना दबून सांधा बंद करतो. जुना वॉशर पुन्हा वापरणे, एक वॉशर विसरणे किंवा पृष्ठभागावर कचरा राहणे यांमुळे द्रव झिरपतो.

धातूच्या नळीचा नट : नट तिरका बसल्यास आटे खराब होतात. नळीचे पसरट तोंड चिरलेले असेल, तर नट कितीही आवळला तरी गळती थांबत नाही.

ब्लीडर निपल : हवा काढून झाल्यावर निपल सैल राहिल्यास तेथून द्रव येतो. प्रमाणाबाहेर आवळल्यास ते तुटते किंवा त्याची बैठक बिघडते.

सील : दट्ट्यावर गंज किंवा ओरखडे असतील, तर नवे सीलही टिकत नाही. इंजिन ऑइल, ग्रीस किंवा पेट्रोल लागल्यास ब्रेकचे रबर फुगते व निकामी होते.

दट्ट्या निसटणे : ड्रम काढलेला असताना किंवा कॅलिपर डिस्कवरून उतरवलेला असताना पेडल दाबल्यास दट्ट्या जागेवरून बाहेर येतो आणि द्रव सांडतो.

केवळ ब्रेक पॅड बदलताना कोणताही सांधा उघडावा लागत नाही. अशा वेळी दट्ट्या मागे ढकलल्याने द्रव टाकीकडे परततो. टाकी आधीच भरलेली असल्यास तो वरून ओसंडतो. ही खरी गळती नव्हे, परंतु तिच्यासारखी दिसते.

तपासाची पद्धत

प्रथम टाकीतील पातळी पाहतात. पॅड झिजत जातात तशी पातळी हळूहळू उतरते. हे स्वाभाविक आहे. भाग बदलल्यानंतर मात्र ती काही तासांत किंवा दिवसांत उतरल्यास गळती असल्याचे समजावे.

गाडी सपाट जागी ठेवून चाकांना अडण लावतात व जॅकसोबत स्टँड वापरतात. उघडलेले सर्व सांधे पुसून कोरडे करतात. एकजण पेडल दाबून धरतो व दुसरा पांढऱ्या कागदाने किंवा कापडाने प्रत्येक सांधा टिपून ओल शोधतो. ड्रम ब्रेकमधील गळती बाहेरून लवकर दिसत नाही. टायरच्या आतल्या बाजूवरील ओघळ ही तिची खूण असते.

सापडलेला ओलावा ब्रेक द्रवाचाच आहे का, हे पाण्यात थेंब टाकून ओळखता येते. ग्लायकॉलयुक्त द्रव पाण्यात मिसळतो, तर इंजिन ऑइल तरंगते.

पेडलच्या लक्षणांवरूनही दोष ओळखता येतो. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कोठेही ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतील सीलमधून द्रव मागे जात असण्याची शक्यता असते. पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर यंत्रणेत हवा राहिलेली असते. डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल झाल्यास निपल खाली येते व हवा पूर्ण निघत नाही. इंजिन सुरू करताना पेडल किंचित खाली जाणे मात्र सामान्य आहे.

उपाय व दक्षता

गळणारा सांधा केवळ अधिक आवळणे किंवा टाकीत द्रव भरत राहणे हा उपाय नव्हे. वॉशर नवे घालावेत, खराब नळी बदलावी आणि बोल्ट उत्पादकाने दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने आवळावा. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नये. द्रव लागलेले पॅड किंवा ब्रेक शू एकाच आसाच्या दोन्ही चाकांवर बदलावेत. दुरुस्तीनंतर हवा काढून पुन्हा तपासणी करावी. हा द्रव रंगाचा थर खराब करतो. सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा. तो विषारी असल्याने गटारात ओतू नये.

द्रवाची प्रत गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच असावी. कोरड्या स्थितीत डॉट-३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, तर डॉट-४ चा २३० अंश असतो. हवेतील ओलावा शोषल्यावर हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० व १५५ अंशांवर येते. सिलिकॉनयुक्त डॉट-५ या द्रवांत मिसळू नये.

घाटरस्त्यांवरील महत्त्व

सपाट रस्त्यावर लहान गळती अनेक दिवस लक्षात येत नाही. उतारावर मात्र ब्रेक सतत वापरावे लागतात व द्रव तापतो. सातारा जिल्ह्यातील फलटण शहराचा परिसर बहुतांशी सपाट आहे, परंतु तेथून लोणंद, जेजुरी, सासवडमार्गे पुण्याला जाताना दिवे घाट उतरावा लागतो. जिल्ह्यातच खंबाटकी, पसरणी आणि आंबेनळी हे घाट आहेत. त्यामुळे ब्रेकचे काम झाल्यावर आधी उभ्या गाडीत, नंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर कमी वेगाने चाचणी घेतात आणि पातळी पुन्हा तपासूनच गाडी घाटात नेतात. गळती शिल्लक असल्यास गाडी न चालवता ओढून न्यावी.