भाकरीची परीक्षा



धर्मांतराच्या इतिहासाविषयी आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा आरोपाच्या किंवा समर्थनाच्या भाषेत. परंतु नवा धर्म स्वीकारल्यानंतर माणसाच्या श्रद्धेचे पुढे काय झाले, तिला कोणते मोह पडले, ती कोठे घसरली आणि कोठे सावरली, हे आपण फारसे विचारीत नाही. मराठी ख्रिस्ती समाजाच्या संदर्भात हाच प्रश्न आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. नांदूरघाटच्या श्रोत्यांना तो दूरचा वाटू नये. आपल्या बीड जिल्ह्याच्या पश्चिमेला लागूनच अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तेथे ठाणे घातले आणि या इतिहासाचा मोठा भाग त्याच मुलखात घडला.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. इतरत्र ज्याला मोह किंवा प्रलोभन म्हणतील, त्याला मराठी बायबल 'परीक्षा' म्हणते. मूळ ग्रीक शब्दात कसोटी आणि भुलवण असे दोन्ही अर्थ आहेत. अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या ख्रिस्ताची सैतानाने तीन प्रकारे परीक्षा घेतली, अशी कथा आहे. धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक आणि मला नमन करून जगाची राज्ये घे, या त्या तीन गोष्टी. मद्य, द्यूत, व्यभिचार यांचा यात उल्लेखही नाही. पहिली परीक्षा भाकरीची आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे ती परीक्षा शब्दशः आली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाले. मिशनरी मंडळींनी अन्न दिले, अनाथ मुले सांभाळली, आणि त्यानंतर नगरच्या खेड्यांतून बाप्तिस्मा घेणारांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांत महार व मांग समाजांतील लोक पुष्कळ होते. 'पोटासाठी बाटले' असे गावाने म्हटले. हा शेरा मारणे सोपे होते. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांना धान्याबरोबर शाळा मिळाली, आणि माणूस म्हणून हाक मारणारा कोणीतरी भेटला. अशा माणसाने हात पुढे केला तर त्याला अधःपात म्हणण्याचा अधिकार निदान भरल्या पोटीच्या माणसाला नाही. खरी परीक्षा देणाऱ्याची होती. भुकेल्याच्या होकाराला श्रद्धा समजावयाचे की नाही, हे त्याला ठरवावयाचे होते.

हा पेच पंडिता रमाबाईंच्या चरित्रात स्पष्ट दिसतो. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि काही विद्यार्थिनी येऊन बसत. त्यावरून वादळ उठले. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार बाजूला झाले आणि बऱ्याच मुली काढून नेण्यात आल्या. दार लावून घेतले असते तर लोकांची मर्जी राहिली असती. रमाबाईंनी तो मोह टाळला. मात्र आश्रयाला आलेल्या मुलीला आपला प्रभाव किती मोकळा ठेवतो, हा टीकाकारांचा प्रश्नही क्षुद्र नव्हता. पुढे दुष्काळांत त्यांनी शेकडो मुली वाचवून केडगावला आणल्या. तेथे तो प्रश्न सुटला नाही, अधिकच मोठा झाला. थोर व्यक्तीपुढेही असे प्रश्न ठेवणे हा तिचा अवमान नव्हे.

भाकरीची परीक्षा दुष्काळ संपला म्हणजे संपत नाही. ती पगाराच्या रूपाने येते. मिशनचा उपदेशक, मिशनचा शिक्षक, मिशनचे घर अशी व्यवस्था बसली की श्रद्धा आणि नोकरी यांची गाठ पडते. मग मतभेद बोलून दाखविणे धोक्याचे होते, आणि गप्प राहण्याला नम्रता हे नाव मिळते. ही घसरण कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणूनच ती दारूच्या व्यसनाहून घातक.

ती ओळखणारा माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यापायी घर दुरावले. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती, आणि परदेशी पैशावर पोसलेली मंडळी या मातीत रुजणार नाही, हे शल्य त्यांना टोचत होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, हा त्यांचा हेतू होता. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

येथे टिळकांचा जयजयकार करून थांबता आले असते. परंतु मंदिराच्या शिखराची परीक्षा शिल्लक राहते. उडी टाकणारा, कोणीतरी झेलील म्हणून टाकतो. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाई सोशीत, हे 'स्मृतिचित्रे' वाचणारास ठाऊक आहे. त्यागाचाही मोह असतो, आणि त्याची किंमत पुष्कळदा दुसऱ्याच्या पदरी पडते. लक्ष्मीबाईंनी ती चेष्टाविनोद करीत सांगितली आणि नवऱ्यावरचे प्रेम लपविले नाही. म्हणूनच त्यांची साक्ष भरवशाची वाटते.

या इतिहासावरून एवढे म्हणता येईल की श्रद्धावंताचा पाय बहुधा पापाच्या खड्ड्यात पडत नाही. तो अन्न, आश्रय, सेवा, त्याग अशा चांगल्या वस्तूंवरूनच घसरतो. वतन, देणगी आणि मानपान यांनी आपली देवळे आणि मठही हीच परीक्षा दिलेली आहे. दुसऱ्याच्या धर्मांतराचा हिशेब मांडावयास बसण्यापूर्वी आपल्या भाकरीने आपल्या श्रद्धेला काय काय बोलू दिले नाही, याचा हिशेब प्रत्येकाने मांडावा, इतकीच माझी विनंती.