मास्क, शाळा आणि १९१८ : वर्गातली मुलं कुठे होती?

२०२१ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या शाळांचे फोटो आठवतात का? एका बाकावर एकच मूल, नाकाखाली घसरलेला कापडी मास्क, दारात ताप मोजायची बंदूक घेऊन उभे असलेले गुरुजी. त्याच काळात तुमच्याही व्हॉट्सॲपवर एक जुना कृष्णधवल फोटो आला असेल. त्यात जपानमधल्या शाळकरी मुली तोंडाला पांढरे मास्क लावून रस्त्याने चालल्या आहेत. फोटो शंभर वर्षांपूर्वीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतला, आणि सोबतचा मजकूर साधारण असा : "बघा, तेव्हाही हेच होतं!"

तेव्हाही हेच होतं का? माझं संशोधन शाळा आणि साथी यांच्या इतिहासावर आहे, त्यामुळे हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. अमेरिकेतल्या दोन शहरांवरून मी त्याचं उत्तर देते. दोघांनी एकाच साथीत मुलांच्या बाबतीत अगदी उलटे निर्णय घेतले, आणि त्यांची कागदपत्रं भरपूर शिल्लक आहेत.

सॅन फ्रान्सिस्को : मास्क रस्त्यावर, मुलं घरी

१९१८ च्या साथीत मास्कसाठी सगळ्यांत जास्त गाजलेलं शहर म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. शहराचे आरोग्य अधिकारी विल्यम हॅसलर मास्कचे कट्टर समर्थक होते. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे मास्कची सक्ती करणारा कायदा झाला. न लावणाऱ्याला ५ ते १०० डॉलर दंड किंवा तुरुंगवास अशी तरतूद होती आणि पोलिसांनी खरोखरच लोकांना पकडलं. गंमत म्हणजे मुष्टियुद्धाच्या एका सामन्यात खुद्द महापौर जेम्स रॉल्फ आणि हॅसलरसाहेब विनामास्क सापडले. दोघांनाही दंड भरावा लागला!

पण या सगळ्यात मुलं कुठे होती? घरी. मास्कचा कायदा येण्याआधीच, ऑक्टोबरच्या मध्यात, शहराने शाळा बंद केल्या होत्या. मास्क उतरवायची परवानगी मिळाली २१ नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता. भोंगे वाजले, लोकांनी रस्त्यावरच मास्क काढून फेकले. शाळा उघडल्या त्याच्यानंतर, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

हा क्रम नीट बघा. मास्कसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात साथीच्या ऐन भरात वर्गात मास्क लावून बसलेलं मूल नव्हतंच, कारण वर्गच भरत नव्हता. मास्क होता तो बाजारात जाणाऱ्या, ट्रामने कामावर निघालेल्या मोठ्या माणसांसाठी. पुढे जानेवारी १९१९ मध्ये सक्ती परत आली, तिच्याविरोधात 'अँटी-मास्क लीग' उभी राहिली आणि १ फेब्रुवारीला सक्ती कायमची उठली.

न्यूयॉर्क : शाळा उघड्या, मास्कची सक्ती नाही

आता देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये तेव्हा सुमारे दहा लाख मुलं होती. आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांनी शाळा चालूच ठेवल्या. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यांचं म्हणणं असं होतं : यातली साडेसात लाख मुलं दाटीवाटीच्या, कोंदट, चाळीवजा इमारतींत राहतात. आईबाप कामावर. शाळा बंद केली तर ही मुलं गल्लीत घोळक्याने फिरणार, आणि आजारी पडली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्यापेक्षा मोठ्या, हवेशीर शाळेत ती कुणाच्या तरी नजरेखाली असतील.

"नजरेखाली" हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मुलांनी मैदानात न रेंगाळता थेट वर्गात जायचं. शिक्षकांनी रोज सकाळी प्रत्येक मुलाकडे नीट बघायचं : डोळे लाल आहेत का, नाक वाहतंय का, अंग गरम आहे का. शंका आली तर मुलाला वेगळं बसवायचं आणि शाळेच्या डॉक्टरने तपासायचं. आजारी मुलाला घरी पाठवायचं आणि घरी काय परिस्थिती आहे याची चौकशीही करायची.

हे एका आठवड्यात उभं राहिलेलं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये शाळांची वैद्यकीय तपासणी १८९७ पासून सुरू होती. सुरुवातीला ती फारच कोरडी होती. डॉक्टर यायचा, कुणाच्या डोक्यात उवा, कुणाला गजकर्ण, कुणाच्या डोळ्यांत खुपऱ्या दिसल्या की सरळ घरी पाठवायचा. पण उपचार कुणीच करत नसे, त्यामुळे मूल आठवडेच्या आठवडे घरीच राहायचं. म्हणून १९०२ मध्ये लीना रॉजर्स नावाच्या नर्सला प्रयोग म्हणून चार शाळांमध्ये नेमलं. ती शाळेतच मलमपट्टी करायची, घरी जाऊन आईला समजावायची. मुलं भराभर वर्गात परतू लागली आणि शहराने आणखी नर्स नेमल्या. १९०८ मध्ये डॉ. जोसेफिन बेकर यांच्या हाताखाली मुलांच्या आरोग्याचा स्वतंत्र विभागच सुरू झाला. १९१८ मध्ये शाळा चालू ठेवा म्हणून आग्रह धरणाऱ्यांत याच बेकरबाई पुढे होत्या.

म्हणजे कोपलँड यांचा निर्णय धाडसी वाटला तरी त्याच्यामागे वीस वर्षांची यंत्रणा होती.

मग मास्क निरुपयोगी होता का?

इथे घाई करू नका. १९१८ चा मास्क म्हणजे गॉझच्या काही घड्या, बहुतेकदा रेडक्रॉसच्या स्वयंसेविकांनी शिवलेल्या. काही पुरुष तर सिगार ओढता यावी म्हणून त्याला भोक पाडायचे! कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाचे विल्फ्रेड केलॉग यांनी या गॉझवर प्रयोग केले आणि १९२० मध्ये निष्कर्ष छापले. कापड विरळ असेल तर कण आरपार जातात. जाड केलं तर श्वास घेणं जड होतं आणि हवा कडेच्या फटींतून आतबाहेर करते. आजच्या चांगल्या मास्कला हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. पण कडेची फट हा मुद्दा सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आजही खरा आहे, हे तुम्ही घरी पाहिलंच असेल.

आणि न्यूयॉर्कचं उदाहरण दाखवून "शाळा कधीच बंद करू नयेत" असंही म्हणता येणार नाही. २००७ मध्ये हॉवर्ड मार्केल आणि सहकाऱ्यांनी १९१८-१९ मधल्या ४३ अमेरिकी शहरांची तुलना केली. ज्यांनी शाळाबंदी, गर्दीवर बंदी आणि विलगीकरण असे उपाय लवकर, एकत्र आणि जास्त काळ राबवले, तिथे मृत्यूंचं प्रमाण कमी दिसलं. म्हणजे बंद शाळेने जीव वाचू शकतात. प्रश्न असतो तो शाळा बंद असताना मुलाकडे कोण बघतं आणि उघडल्यावर कोण बघतं, हा.

आपल्याकडे

आता महाराष्ट्राकडे येऊ. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून सुरू करायची परवानगी मिळाली, पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ मध्ये. दुसऱ्या लाटेत पुन्हा सगळं बंद. ४ ऑक्टोबर २०२१ ला वरचे वर्ग परत भरले. लहानग्यांना १ डिसेंबर उजाडला, काही शहरांत त्याहून उशीर. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात पहिल्यांदा बसलं तेव्हा ते दुसरीत होतं. मास्क उतरला २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला.

आपल्याकडे मास्क हा शाळेत जायचा परवाना होता. १९१८ च्या त्या दोन शहरांत नसलेली गोष्ट, म्हणजे साथीत भरलेला वर्ग आणि त्यात मास्क लावलेली मुलं, आपण करून दाखवली. ती अगदी योग्यही असेल. पण न्यूयॉर्ककडे जे होतं ते आपल्याकडे किती होतं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं फिरतं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येतं. काम मोलाचं आहे. पण वर्षातून एकदा येणारी गाडी आणि रोज सकाळी मुलाचा चेहरा बघणारी नर्स यांत केवढा फरक आहे, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

मास्क सक्तीचा करायला एक परिपत्रक पुरतं. शाळेत नर्स असायला वीस वर्षं आधी कुणीतरी पद मंजूर करावं लागतं. साथ येते तेव्हा पहिली गोष्ट लगेच करता येते आणि फोटोतही दिसते. दुसरी तेव्हा करता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी शाळांच्या मास्कवर वाद पेटला, आणि तो पेटेलच, तर मास्क हवा की नको यावर भांडण्याआधी आपल्या शाळेत जाऊन एक साधा प्रश्न विचारा : आज सकाळी एखादं मूल तापाने फणफणत आलं, तर ते कुणाच्या लक्षात येईल आणि पुढे त्याचं काय होईल? हा प्रश्न विचारायला साथीची वाट बघायची गरज नाही. येत्या पालकसभेतही विचारता येईल.